ओम्नीचा पत्रा आणि पहिले वेल्डिंग मशीन

आमच्या मांगरात, म्हणजे घराला लागून असलेल्या शेडमध्ये, सध्या दोन वेल्डिंग मशिने आहेत. पहिले मी तीन वर्षांपूर्वी घेतले आणि ते आता फाटकाच्या बिजागऱ्या व विहिरीवरची जाळी एवढ्यापुरते उरले आहे. दुसरे त्यानंतर दीड वर्षाने घेतले आणि गाडीचे जे काही काम झाले ते सगळे त्यावर झाले. पहिले मशीन वाईट नव्हते. मी ज्या कामासाठी ते घेतले त्या कामाचे ते नव्हते, आणि दुकानात उभा असताना एकच प्रश्न उलटा विचारला असता तर हे मला तिथेच कळले असते. मी विचारले होते, "जास्तीत जास्त किती अँपिअर?" विचारायला हवे होते, "कमीत कमी किती?"

गाडी म्हणजे जुनी मारुती ओम्नी. आमचे घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून सरळ रेषेत दीड किलोमीटरवर आहे, आणि या गाडीने एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या व उरलेल्या वर्षात मासळीचे टप वाहिलेले आहेत. आंब्याच्या पेट्यांनी गाडीचे काही बिघडत नाही. टपातून गळणारे बर्फाचे खारट पाणी मात्र रबरी मॅटखाली जाऊन बसते आणि तिथून हलत नाही. मी मॅट उचलली तेव्हा चालकाच्या पायाखालचा पत्रा वरून शाबूत दिसत होता, पण स्क्रू ड्रायव्हर टेकवून अंगठ्याने दाबताच तो आरपार गेला आणि भोकातून खालची जांभ्याची लाल जमीन दिसली. शेजारच्या चांगल्या पत्र्याची जाडी व्हर्निअरने मोजली, ती ०.८ मिलिमीटर भरली. पुढच्या सगळ्या निवडीचे मूळ या आकड्यात होते, पण तेव्हा मी तो वहीत लिहून ठेवला आणि विसरून गेलो.

पहिले मशीन साधे आर्क इन्व्हर्टर होते, म्हणजे रॉड आणि पत्रा यांच्यात विजेची ठिणगी (आर्क) पेटवून रॉड वितळवत जोडणारे. दुकानात त्याला '२०० चे मशीन' म्हणतात. खोका हलका, खांद्याला लावायचा पट्टा, सोबत होल्डर आणि अर्थिंगचा क्लॅम्प. मी ६०१३ जातीचे २.५ मिलिमीटरचे रॉड आणले. हे रॉड साधारण ६० ते ९० अँपिअरवर चालतात, म्हणून मी नॉब ६० वर ठेवला, ओम्नीच्या पत्र्याला नवा तुकडा लावला आणि ठिणगी पाडली. पहिल्या सेकंदात पत्रा नारिंगी झाला, दुसऱ्या सेकंदात तो नारिंगी भाग थेंबासारखा खाली पडला आणि शर्टाच्या बटणाएवढे भोक उरले. ते भरायला दुसरा टाका मारला, तेव्हा भोक रुपयाच्या नाण्याएवढे झाले. नॉब ४० वर आणला तर रॉड पत्र्याला चिकटून बसू लागला. २ मिलिमीटरचे रॉड आणून पाहिले. त्यांनी भोके थोडी लहान पाडली, एवढाच फरक.

बंदरावर होड्यांचे काम करणारे एक मिस्त्री आमच्या ओळखीचे आहेत. त्यांनी येऊन ती चाळण पाहिली, मशीनही पाहिले, आणि म्हणाले, "गेटाक बरी मशीन ही. गाडयेक नाय." त्यांचे स्वतःचे मशीन तेलात बुडवलेल्या ट्रान्सफॉर्मरचे, दोन माणसांनी उचलायचे, पण गाडीचा पत्रा ते त्यावर कधीच घेत नाहीत, ही गोष्ट मी त्यांना आधी विचारलीच नव्हती.

या कामात एक ढोबळ हिशेब वापरतात: साध्या पोलादाच्या जाडीला मिलिमीटरमागे सुमारे ४० अँपिअर. म्हणजे ३ मिलिमीटरच्या अँगलला १२० लागतील, आणि माझ्या ०.८ मिलिमीटरच्या पत्र्याला ३० च्या आसपास पुरतील. आर्कचा रॉड एवढ्या कमी प्रवाहावर नीट पेटत नाही. १.६ मिलिमीटरचे बारीक रॉड मिळतात आणि कसलेला हात त्यांनी पातळ पत्रा जोडतोही, पण नवशिक्याने त्या भानगडीत पडू नये. आर्क मशीनची खरी सोय २ मिलिमीटरपासून पुढे सुरू होते. छंद म्हणून जुन्या जीपची चासी, बंपर, ट्रेलरचा सांगाडा, इंजिन उचलायचा स्टँड असे जाड काम करणाऱ्या माणसाने बिनधास्त आर्क घ्यावे. ते स्वस्त आहे, वाऱ्यात चालते आणि त्याला सिलिंडर लागत नाही. ज्याच्या डोळ्यासमोर गाडीची फ्लोअर, दाराचा तळ, चाकावरची कमान आहे, त्याने मिग घ्यावे, म्हणजे रॉडऐवजी तारेवर चालणारे मशीन. ही शिफारस मी भीत भीत करत नाही. ओम्नी किंवा मारुती ८०० सारख्या गाड्यांना वेगळी चासी नसते, सगळी गाडी म्हणजे घड्या घातलेला पत्राच असतो, आणि पत्र्याचे मशीन मिग हेच आहे.

मिगमध्ये रॉडऐवजी बारीक तार टॉर्चमधून, म्हणजे हातात धरायच्या बंदुकीसारख्या नळीतून, आपोआप पुढे येत राहते आणि तिच्याभोवती गॅस फुंकला जातो, म्हणजे वितळलेल्या धातूला हवा लागत नाही. ट्रिगर दाबला की टाका सुरू, सोडला की बंद. पातळ पत्र्यावर याच गोष्टीचा उपयोग होतो, कारण तिथे सलग ओळ ओढायचीच नसते. एक सेकंदाचा एक टाका, मग चार बोटे सोडून दुसरा, मग पुन्हा मागे येऊन मधला, अशा रीतीने पत्र्याला थंड व्हायला वेळ देत कड भरत जायची. घाई केली की पत्रा पापडासारखा फुगतो आणि तो सरळ करताना निम्मा दिवस जातो. मागे तांब्याची जाड पट्टी धरली तर काम आणखी सोपे होते, कारण तांब्याला वितळलेले पोलाद सहसा चिकटत नाही आणि जास्तीची उष्णता ते शोषून घेते.

म्हणून मिग घेतानाही तोच प्रश्न: कमीत कमी किती? काही मशिने ५० अँपिअरच्या खाली उतरतच नाहीत. मी घेतलेले ३० पर्यंत येते. त्याच्या जोडीला तारेची जाडी विचारावी. ०.८ मिलिमीटरची तार कुठल्याही दुकानात मिळते आणि बहुतेक सगळे काम तिच्यावर होते. पण पत्र्यासाठी ०.६ ची तार अधिक सुखाची, कारण ती कमी प्रवाहावर स्थिर जळते. तार ओढणाऱ्या चाकावर ०.६ चा खाचा आहे की नाही हे झाकण उघडून पाहावे. बहुतेक चाकांना दोन बाजूंना दोन मापांचे खाचे असतात आणि चाक उलटे बसवले की माप बदलते.

'बिनगॅसचे मिग' अशी एक जात अलीकडे जोरात विकली जाते. त्यात तारेच्या पोटात भुकटी भरलेली असते आणि ती जळून स्वतःचे संरक्षण स्वतः करते. सिलिंडरची कटकट नाही, वाराही चालतो, त्यामुळे किनाऱ्यावरच्या माणसाला ती आपल्यासाठीच बनवली आहे असे वाटते. मला पातळ पत्र्यावर तिचा अनुभव चांगला आला नाही: टाका गरम पडतो, शिंतोडे फार उडतात आणि वर स्लॅगची, म्हणजे जळलेल्या भुकटीची, खपली राहते ती ठोकून काढावी लागते. जाड कामाला ती ठीक आहे. मात्र ज्या मशीनमध्ये निव्वळ ही सोय आहे आणि मागे गॅसची नळी जोडायला जागाच नाही, ते घेऊ नये. दोन्ही करणारे घ्यावे. अशा मशीनमध्ये तार बदलली की ध्रुवही बदलावे लागतात, म्हणजे गॅसवरच्या साध्या तारेला टॉर्च धन टोकावर आणि भुकटीच्या तारेला ऋण टोकावर. मी हे एकदा विसरलो आणि अर्धा तास तारेला दोष देत बसलो होतो.

आता वारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात, पण त्यांचा उपयोग मला पन्नाशीत कळला. दिवसा समुद्रावरून येणारा खारा वारा आमच्याकडे साधारण दहा-अकरा वाजता उठतो आणि दुपारभर राहतो. आमच्या देवगडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. मिगचा गॅस म्हणजे मिनिटाला आठ-दहा लिटरची एक मंद फुंकर असते. ती वाऱ्याने बाजूला सारली की टाक्यात बारीक छिद्रे पडतात, वरून कुजलेल्या लाकडासारखा दिसणारा भुसभुशीत धातू बसतो आणि तो ग्राइंडरने पूर्ण काढल्याशिवाय दुसरा टाका धरत नाही. मिस्त्रींनी मला सांगितले होते, "पयलो वारो बगा, मगे मशीन घेवा." मी मांगराच्या पश्चिमेच्या बाजूला पत्र्याचा आडोसा केला आणि गाडीचे काम सकाळी सात ते दहा एवढ्याच वेळात ठेवले. या वेळेत मतलई वारा पडलेला असतो आणि खारा वारा अजून उठलेला नसतो. गॅस वाढवून वाऱ्याला हरवता येईल असे वाटते, पण फार वाढवला तर झोतच घुसळतो आणि हवा आत ओढून घेतो.

गॅस कोणता, यावर वाद घालता येतो. आर्गॉन आणि कार्बन डाय ऑक्साइडचे मिश्रण पत्र्याला सर्वांत चांगले: आर्क शांत, शिंतोडे कमी. नुसता कार्बन डाय ऑक्साइड स्वस्त, पण टाका अधिक खोल जातो आणि शिंतोडेही अधिक. मी लहान सिलिंडरात नुसता कार्बन डाय ऑक्साइड वापरतो, कारण आमच्याकडे तो मिळवणे सोपे आहे. सिलिंडरात तो द्रवरूपात असतो, त्यामुळे रेग्युलेटरवरचा दाबाचा काटा संपत येईपर्यंत फारसा हलत नाही. किती उरला ते वजन करूनच कळते. मी आंब्याच्या पेट्यांच्या काट्यावर तो तोलतो. एका किलोत पाचशे लिटरहून थोडा अधिक वायू निघतो, म्हणजे मिनिटाला दहा लिटरने पन्नासेक मिनिटांचा ट्रिगर. हा वेळ थोडा वाटतो, पण एकेका सेकंदाच्या टाक्यांनी काम करणाऱ्याला तो बरेच दिवस पुरतो.

मशीन घरी आणण्यापूर्वी घरची वीज तपासावी, कारण खोक्यावरचे २०० अँपिअर आणि भिंतीवरच्या सॉकेटचे १६ अँपिअर यांचा मेळ बसवावा लागतो. आर्क मशीन २०० वर चालवले तर आर्कपाशी सुमारे २८ व्होल्ट धरतात. म्हणजे तिथेच साडेपाच किलोवॅटहून अधिक झाले, आणि नुकसान धरून भिंतीतून ३० ते ४० अँपिअर ओढले जातील. घरच्या सॉकेटवर हे होणार नाही, एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडेल. पत्र्याच्या कामाला मात्र इतके लागतच नाही, त्यामुळे १६ च्या सॉकेटवर छोटे मिग आरामात चालते. खरी अडचण लांबून ओढलेल्या बारीक वायरीची. मी मांगरातल्या सॉकेटवर मल्टिमीटर लावला, तेव्हा २२६ व्होल्ट होते. मग पाणी तापवायचा २००० वॅटचा रॉड बादलीत सोडून त्याच सॉकेटवर चालू केला, तर आकडा २१२ वर आला. आठ अँपिअरला चौदा व्होल्ट पडले. म्हणजे वेल्डिंगला पंधरा अँपिअर ओढले तर व्होल्टेज २०० वर येणार. संध्याकाळी आगरांतले शिपण्याचे पंप चालू झाले की मुळातच आकडा २०५ च्या जवळ असतो, त्यातून आणखी पंचवीस गेले तर बरीच इन्व्हर्टर मशिने कुरकुरतात किंवा बंदच पडतात. वायरमनकडून मीटरपासून मांगरापर्यंत तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि पक्के अर्थिंग करून घेतल्यावर तोच प्रयोग केला, तर घट पाच व्होल्टवर आली. हा खर्च मशीनच्या खर्चातच धरावा.

ड्यूटी सायकल हा शब्द दुकानदार फार वापरतात. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे सलग वेल्डिंग आणि चार मिनिटे विश्रांती. पत्र्याला टाके मारणाऱ्याला तिची अडचण कधी येत नाही. टिग, म्हणजे न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने आर्क काढायची पद्धत, हिच्याबद्दलही थोडक्यात सांगतो: काम अतिशय देखणे होते, पण त्याला लखलखीत स्वच्छ धातू लागतो, आणि समुद्रकाठच्या जुन्या गाडीचा पत्रा कितीही घासला तरी सांध्याच्या आतून गंज डोकावतोच. शिवाय ॲल्युमिनियमसाठी एसी टिग लागते, साधी डीसी टिग चालत नाही. पहिल्या मशीनसाठी तो विचार सोडून द्यावा. गॅरेजमधले जुने डेंटिंगवाले गॅस वेल्डिंगवर सुंदर काम करतात, परंतु ॲसिटिलीनचा सिलिंडर घराला चिकटलेल्या मांगरात ठेवणे मला पटत नाही.

कोकणातल्या दमट हवेचा विचार यंत्रांच्या माहितीपत्रकात नसतो. मिगची तार तांब्याचा मुलामा दिलेली असली तरी जूनमध्ये मशीनमध्ये तशीच राहिली की दोन आठवड्यांत तिच्यावर काळे ठिपके येतात, ती टॉर्चच्या नळीत अडखळते आणि आर्क थरथरू लागतो. त्यामुळे ५ किलोचे रीळ स्वस्त पडत असले तरी मी १ किलोचेच घेतो, आणि पावसाळ्यात ते काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. आर्कचे रॉड एका लाकडी पेटीत चाळीस वॅटचा बल्ब लावून ठेवले आहेत. ही युक्ती मिस्त्रींची. मशीनचा पंखा आतल्या सर्किटवर खारी हवा फेकत राहतो, म्हणून काम झाले की मशीन थंड होऊ द्यावे, झाकावे आणि घरात आणून ठेवावे.

हेल्मेट आपोआप काळे होणारे घ्यावे, ९ ते १३ शेडपर्यंत (काचेचा काळेपणा) बदलता येणारे. टाका नेमका कुठे पडणार हे शेवटच्या क्षणापर्यंत दिसणे नवशिक्याला फार महत्त्वाचे असते. मी पहिल्या आठवड्यात 'एकच टाका आहे' म्हणून नुसते डोळे मिटून ट्रिगर दाबला होता, एकदा नव्हे, दहा-बारा वेळा. रात्री दीड वाजता डोळ्यांत पुळणीवरची वाळू भरल्यासारखे होऊन जाग आली आणि सकाळी डॉक्टरांकडे जावे लागले. पूर्ण बाह्यांचा सुती शर्टही तितकाच आवश्यक, नायलॉन नको.

ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली आणि पेट्रोलची नळी फ्लोअरखालून जाते, त्यामुळे मी बॅटरीचे ऋण टोक काढले, सीट, मॅट आणि डांबरी थर खरवडून काढला, टाकी उतरवून दूर ठेवली आणि मगच काम सुरू केले. टाकीला स्वतः वेल्डिंग कधीही करू नये, ती रिकामी असली तरीही. अर्थिंगचा क्लॅम्प टाक्याच्या जवळच, घासलेल्या पत्र्यावर लावावा, म्हणजे प्रवाह बेअरिंगांतून फिरत जात नाही. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आधी घासून घ्यावा, कारण त्याच्या धुराने ताप येतो. आणि वेल्डिंग करणाऱ्याला गाडीखाली काय पडते ते दिसत नाही, म्हणून बाहेर एक माणूस हवा. माझा पुतण्या बादली घेऊन बसला होता, त्यानेच मांगराच्या कुडाच्या झापाला, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळीला, लागलेली ठिणगी पाहिली. आता त्या बाजूला झापे नाहीत, पत्रा आहे, आणि काम संपल्यावर मी अर्धा तास तिथेच चहा घेत बसतो.

सीट बेल्टचे बोल्ट जिथे बसतात ती जागा, सस्पेन्शनच्या पकडी आणि स्टिअरिंग यांना मी हात लावला नाही. ते काम गॅरेजमध्ये दिले. फ्लोअरचे तुकडे मूळ जाडीचेच लावले. गाडीच्या बांधणीत फेरफार करायचा असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आधी वाचावे.

दुसरे मशीन घेताना मी कापडी पिशवीत ओम्नीच्याच पत्र्याचे दहा तुकडे घेऊन गेलो. दुकानदाराला म्हटले, यातले दोन मला इथे जोडून दाखवा, नाहीतर मला जोडू द्या. पहिल्या दुकानात नकार मिळाला. दुसऱ्या दुकानातल्या मुलाने नॉब ३० वर आणून चार टाके मारले. मी तुकडा उलटा करून पाहिला तर मागच्या बाजूला प्रत्येक टाक्याचा छोटा उंचवटा आला होता आणि भोक एकही नव्हते. मग तो शिकंज्यात धरून हातोडीने वाकवला. पत्रा टाक्याच्या शेजारून दुमडला, टाका सुटला नाही. पैसे तिथेच दिले. डावी बाजू पूर्ण झाली आहे, उजव्या बाजूची कमान गणपतीनंतर हवा कोरडी झाली की घेणार आहे.